विजेची व्हॅन : सव्वाशे वर्षांची वाटचाल

विजेवर चालणारी मोठी व्हॅन ही एकविसाव्या शतकाची नवलाई आहे, असा समज आज सर्वत्र दृढ झालेला दिसतो. आवाज न करतां व धूर न सोडतां रस्त्यानें जाणारी मालाची गाडी पाहिली म्हणजे पाहणाऱ्यास वाटतें कीं, हा शोध मनुष्यास कालपरवांच लागला असावा. वस्तुस्थिति अगदीं निराळी आहे. ज्या काळीं पेट्रोलच्या मोटारी हातानें दांडा फिरवून सुरू कराव्या लागत आणि पुष्कळदां निम्म्या वाटेंत बंद पडत, त्या काळीं लंडन, न्यूयॉर्क व शिकागो या शहरांतून विजेच्या गाड्या उतारू आणि माल वाहून नेत होत्या. मध्यंतरीं त्या मागें पडल्या. परंतु नाहींशा कधींच झाल्या नाहींत. तेव्हां विजेची मोठी व्हॅन कामास आणि सहलीस कितपत उपयोगी पडेल, हा आज जो प्रश्न विचारला जातो तो नवा नाहीं. त्याचें उत्तर शोधण्याचा उद्योग सव्वाशे वर्षें चालू आहे, आणि त्या उद्योगाचा इतिहास पाहिल्यावांचून आजच्या प्रश्नाचा उलगडा नीट होत नाहीं.

या सर्व इतिहासाच्या मुळाशीं एक साधी अडचण आहे. वीज उत्पन्न करणें सोपें, ती तारेनें दूर नेणें सोपें. परंतु ती गांठीस बांधून बरोबर नेणें फार अवघड. मुंबईकरांना याचें उदाहरण दूर शोधावयास नको. मुंबईंत 1874 पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या धांवत होत्या. 7 मे 1907 रोजीं तेथें विजेची ट्राम सुरू झाली आणि ती 31 मार्च 1964 पर्यंत अव्याहत चालली. या ट्रामला विजेचा सांठा बरोबर वागवावा लागत नसे. डोक्यावरच्या तारेंतून लागेल तेवढी वीज ती घेत जाई. अर्थात् त्याचें मोलही तिला द्यावें लागे. रुळ सोडून एक हात बाजूला जाण्याची तिला मोकळीक नव्हती. ज्या गाडीला गल्लीबोळांतून फिरावयाचें आहे, आज या दारीं तर उद्यां त्या दारीं उभें राहावयाचें आहे, तिला आपली शिदोरी बरोबर घेतल्याशिवाय गत्यंतर नाहीं. ही शिदोरी म्हणजेच बॅटरी.

शिशाच्या पत्र्यांची आणि गंधकाम्लाची, पुनःपुन्हां भरतां येणारी बॅटरी गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानें 1859 मध्यें सिद्ध केली. 1881 मध्यें कामीय फोर या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थानें तींत सुधारणा केली आणि मग ती वाहनांत घालण्याजोगी झाली. परंतु शिसें तें शिसेंच. थोडी वीज सांठविण्यासही फार जड बॅटरी लागे. उलट एक किलो पेट्रोलमध्यें सुमारें बारा युनिटांइतकी शक्ति असते. पेट्रोलचें एंजिन त्यांतील जवळजवळ तीन चतुर्थांश शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां घालवितें, आणि विजेची मोटर फारच थोडी वायां घालविते, हें खरें. तथापि एवढी सूट देऊनही वजनाच्या ताजव्यांत शिशाचें पारडें पेट्रोलपुढें अगदींच हिणकस ठरतें. मालाच्या गाडीनें माल वाहावा कीं आपली बॅटरी वाहावी, हा वाद त्याच दिवशीं जन्मास आला.

या वादाचा पहिला मोठा प्रयोग लंडन शहरांत झाला. ऑगस्ट 1897 मध्यें वॉल्टर बर्सी या तरुण एंजिनियरनें तेथें विजेच्या भाड्याच्या गाड्या सुरू केल्या. त्यांचा रंग काळा-पिवळा असे आणि चालतांना त्यांच्यांतून गुणगुणल्यासारखा नाद निघे, म्हणून लोकांनीं त्यांना गुंजन करणाऱ्या एका चिमुकल्या पक्ष्याचें नांव ठेविलें. एकदां भरलेल्या बॅटरीवर गाडी तीसएक मैल जाई. मग ती लॅम्बेथ भागांतील डेपोंत आणून, रिकामी बॅटरी पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रानें काढून घेत व भरलेली बसवीत. म्हणजे बॅटरी बदलण्याची जी युक्ति आज नवीन म्हणून सांगितली जाते, ती व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींतच अमलांत आलेली होती. परंतु वजनामुळें रबरी धांवा लवकर झिजत आणि दगडी रस्त्यांवरील धक्क्यांनीं बॅटऱ्या खराब होत. दुरुस्तीचा खर्च उत्पन्नाच्या पुढें गेला आणि दोन वर्षांत, म्हणजे 1899 मध्यें, या गाड्या रस्त्यावरून उठल्या.

अमेरिकेंत या सुमारास विजेच्या वाहनांस बरे दिवस होते. 1900 सालीं त्या देशांत एकंदर 4,192 मोटारगाड्या तयार झाल्या. त्यांपैकीं 1,681 वाफेच्या, 1,575 विजेच्या आणि अवघ्या 936 पेट्रोलच्या होत्या. मोठमोठ्या भांडवलदारांनीं इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनी नांवाची संस्था काढून शहरोशहरीं विजेच्या भाड्याच्या गाड्या चालविण्याचा घाट घातला. परंतु बॅटऱ्यांची निगा राखणारे जाणते कारागीर पुरेसे नव्हते, आणि व्यवस्थेपेक्षां शेअरबाजारावर दृष्टि अधिक होती. 1907 मध्यें त्या कंपनीचें दिवाळें वाजलें. दरम्यान टॉमस एडिसन यानें शिशास फांटा देऊन निकल व लोखंड यांची बॅटरी करण्याचा विडा उचलला होता. त्याची पहिली बॅटरी गळूं लागली म्हणून ती त्यानें बाजारांतून परत घेतली, आणि वर्षानुवर्षें प्रयोग करून 1910 च्या सुमारास सुधारलेली बॅटरी पुढें आणली. ती महाग होती, पण अतिशय टिकाऊ होती, आणि मालवाहू गाड्यांसाठीं तिला मागणी येऊं लागली.

याच काळांतील एक उपक्रम विशेष लक्ष देण्याजोगा आहे. अमेरिकेंतील हार्टफोर्ड या गांवच्या वीज कंपनीनें असें ठरविलें कीं, व्यापाऱ्यानें गाडी विकत घ्यावी, पण बॅटरी विकत घेऊं नये. बॅटरी कंपनीची राहावी, कंपनीनेंच ती भरावी, बदलावी, दुरुस्त करावी, आणि व्यापाऱ्यानें गाडी जितके मैल चालेल तितक्या मैलांचें भाडें द्यावें. ही योजना 1924 पर्यंत चालली आणि त्या मुदतींत या गाड्यांनीं साठ लाखांहून अधिक मैलांचा प्रवास केला. लंडनमध्यें जें फसलें तें हार्टफोर्डमध्यें कां साधलें, याचें उत्तर यंत्रांत नसून व्यवस्थेंत सांपडतें. दुकानदारास बॅटरीचें मर्म कळत नव्हतें. तो बोजा जाणत्या संस्थेनें आपल्या शिरावर घेतला. शिवाय गाड्या गांवांतल्या गांवांत फिरत आणि रात्रीं आपल्या ठाण्यावर परत येत. किती मैल जावयाचें, किती माल न्यावयाचा, केव्हां परतावयाचें, हें सर्व आधींच ठाऊक असे.

सहलीच्या गाडीची गोष्ट मात्र अगदीं वेगळी होती. सहल म्हणजे काय, याची कल्पना येण्यास एक जुनें उदाहरण उपयोगी पडेल. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हा आरमारांतून निवृत्त झालेला एक स्कॉटिश डॉक्टर होता. त्यानें 1885 मध्यें ब्रिस्टल येथें दोन टन वजनाची, घोड्यांनीं ओढावयाची एक घरगाडी बांधवून घेतली, आणि तिला 'भटक्या' या अर्थाचें नांव देऊन तिच्यांतून तो इंग्लंड-स्कॉटलंडभर फिरला. निव्वळ आनंदाकरितां बांधलेली ही पहिली घरगाडी होय, असें मानतात. पुढें 1907 मध्यें अशा घरगाडीवाल्यांचा एक संघच स्थापन झाला. या लोकांचें सुख कशांत होतें? उद्यांचा मुक्काम कोठें पडेल हें आज ठाऊक नसावें, यांतच तें होतें. घोड्याला गवत कोठेंही मिळे. पेट्रोलचा डबाही खेड्यापाड्यांतून मिळूं लागला. परंतु बॅटरी भरावयास विजेचें घर लागे, आणि त्या वेळीं वीज शहराच्या वेशीबाहेर गेलेली नव्हती. त्यांत 1912 मध्यें चार्ल्स केटरिंग याच्या युक्तीमुळें पेट्रोलची मोटार कळ दाबतांच सुरू होऊं लागली, आणि दांडा फिरविण्याचा त्रास वांचला. नवलाची गोष्ट अशी कीं, ही कळ चालत होती ती बॅटरीवरच! विजेनें आपल्याच हातानें आपल्या प्रतिस्पर्ध्यास बळ दिलें. सहलीचा रस्ता त्यानंतर अनेक दशकें पेट्रोलच्या स्वाधीन राहिला.

कामाच्या रस्त्यावर मात्र विजेची व्हॅन टिकून होती. लंडनमधील हॅरॉड्स या विख्यात दुकानानें आधीं अमेरिकन बनावटीच्या विजेच्या व्हॅन वापरल्या आणि पुढें 1936 ते 1939 या काळांत स्वतःच्याच कारखान्यांत एक टन माल नेणाऱ्या साठ व्हॅन बांधल्या. गिऱ्हाइकांच्या दारीं सामान पोंचविण्याचें काम त्यांनीं महायुद्धानंतरही पुष्कळ वर्षें केलें. त्यांपैकीं एक व्हॅन लंडनच्या विज्ञान-संग्रहालयांत जतन करून ठेविलेली आहे.

तथापि विजेच्या व्हॅनचें खरें राज्य झालें तें दुधाच्या रतिबांत. ब्रिटनमध्यें दूध काचेच्या बाटल्यांतून पहांटे दारोदार पोंचविण्याची चाल होती. पूर्वीं हें काम घोड्याची गाडी करी. घोडा वाट जाणत असे. गवळी दोन घरीं बाटल्या ठेवीपर्यंत तो आपण होऊन पुढच्या दाराशीं जाऊन उभा राही. अशा नोकराची जागा घेणें सोपें नव्हतें. पेट्रोलच्या गाडीनें तो प्रयत्न करून पाहिला, पण शंभर पावलें चालावें आणि थांबावें, पुन्हां शंभर पावलें चालावें आणि थांबावें, अशा चालीनें तिचें एंजिन थंड राही, लवकर झिजे आणि उभ्या उभ्या पेट्रोल जाळी. भल्या पहांटे तिच्या आवाजानें आळी जागी होई, तें निराळेंच. विजेच्या मोटरला मात्र हेंच काम मानवलें. थांबली कीं तिचा खर्चही थांबे. चालूं लागली कीं पहिल्याच क्षणीं पूर्ण जोर. गति ताशीं दहा-पंधरा मैलांहून अधिक नको होती. एका दिवसाची फेरी बॅटरीच्या पल्ल्यांत आरामांत बसे. दुपारीं गाड्या डेपोंत येत आणि रात्रीं, विजेच्या कारखान्यांवर भार कमी असे अशा वेळीं, त्यांच्या बॅटऱ्या भरून निघत. वीज कंपन्यांनाही असें गिऱ्हाईक हवेंच होतें, कारण रात्रीं त्यांचीं यंत्रें एरवीं अर्धवट रिकामीं फिरत.

दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें. तें 1939 पासून 1950 पर्यंत राहिलें. त्या काळांत दुग्धालयांना विजेच्या गाडीचें मोल अधिकच पटलें. ऑगस्ट 1967 मध्यें ब्रिटनमधील विद्युत-वाहन संघानें जाहीर केलें कीं, बॅटरीवर चालणाऱ्या जेवढ्या गाड्या ब्रिटनच्या रस्त्यांवर आहेत, तेवढ्या उरलेल्या साऱ्या जगांत मिळून नाहींत. त्यांतील बहुतेक दुधाच्याच होत्या. विजेची गाडी अव्यवहार्य आहे, असें मोटारीचे पंडित ज्या काळांत सांगत होते, त्याच काळांत त्यांच्या स्वतःच्या दारांत रोज सकाळीं विजेच्या गाडीनें आणलेलें दूध ठेविलेलें असे!

या दूधगाड्या पुढें कमी झाल्या हें खरें. पण त्या कां कमी झाल्या हें समजून घेतलें पाहिजे. घरोघरीं शीतकपाट आलें, मोठ्या दुकानांतून दूध स्वस्त मिळूं लागलें, आणि रोजच्या रतिबाची गरज उरली नाहीं. 1970 च्या सुमारास तेथील घरगुती दुधाचा फार मोठा भाग रतिबानें येई. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत तें प्रमाण शंभरांत पांचाहूनही कमी झालें. गाडी हरली नव्हती. तिचें काम नाहींसें झालें होतें. गाडीबरोबर पहांटेचा गवळीही गेला, आणि एकट्या राहणाऱ्या कित्येक वृद्ध स्त्री-पुरुषांकडे दिवसांतून एकदां नजर टाकणारें माणूसही त्याच्याबरोबर गेलें.

मध्यंतरीं एक प्रयत्न जर्मनींत झाला. फोक्सवॅगन कंपनीची 1950 पासून निघालेली व्हॅन कामकऱ्यांची आणि सहलकऱ्यांची सारखीच आवडती होती. 1951 पासून वेस्टफालिया नांवाचा कारखाना तिच्यांत बिछाना, कपाट व टेबल बसवून देऊं लागला. आठवडाभर माल वाहणारी गाडी सुटींत घर होई. याच घराण्यांतील विजेवरची व्हॅन 1972 मध्यें तयार झाली. तिच्या बॅटरींत 21 युनिटांच्या वर वीज मावे, आणि त्या बॅटरीचें वजन सुमारें 850 किलो होतें. एवढा भार वाहून ती जेमतेम 85 किलोमीटर जाई. शहरांतल्या कामास ती पुरली असती. सहलीस मुळींच पुरली नसती. शिशाच्या मर्यादा शंभर वर्षांत तसूभरच सरकल्या होत्या.

ही मर्यादा मोडली ती लिथियमनें. लिथियम-आयन बॅटरी जपानच्या सोनी कंपनीनें 1991 मध्यें बाजारांत आणली. ती शक्य करणारे जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना 2019 चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. एका किलो वजनांत शिशाच्या पांच-सहापट वीज सांठविणारी ही बॅटरी आधीं दूरध्वनींत आली, मग लहान मोटारींत, आणि शेवटीं मोठ्या व्हॅनमध्यें. 2019 मध्यें ॲमेझॉन या व्यापारी कंपनीनें रिव्हियन या कारखान्याकडे एक लाख विजेच्या व्हॅनची मागणी नोंदविली व 2022 पासून त्या अमेरिकेंत माल पोंचवूं लागल्या. त्याच वर्षीं फोर्ड कंपनीची ट्रान्झिट ही प्रसिद्ध व्हॅन विजेच्या रूपांत बाहेर पडली, आणि फोक्सवॅगननेंही आपल्या जुन्या व्हॅनची आठवण देणारी 'बझ' नांवाची विजेची गाडी काढली. ब्रिटनमधील दुधाचा उरलासुरला रतीबसुद्धां 2018 पासून नव्या, जर्मन बनावटीच्या विजेच्या व्हॅनमधून फिरूं लागला.

आतां या नव्या व्हॅनचा हिशेब पाहूं. 2022 च्या विजेच्या ट्रान्झिटमध्यें वापरण्याजोगी 68 युनिटें वीज मावे. तिच्या बुटक्या छपराच्या प्रकाराचा पल्ला अमेरिकेच्या सरकारी मापानें 126 मैल होता. ब्रिटनमध्यें तीच गाडी 196 मैलांपर्यंत जाते असें छापून आलें. गाडी एक, पण मोजण्याच्या रीती दोन, म्हणून आंकडेही दोन. घेणाऱ्यानें लहान आंकडा मनांत धरावा हें उत्तम. त्या मानानें एका युनिटांत सुमारें तीन किलोमीटर होतात. नळदुरुस्तीचें, विजेच्या जोडण्यांचें किंवा सुतारकामाचें सामान घेऊन शहरांत फिरणाऱ्या कारागिरास दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर पुष्कळ झाले. म्हणजे वीस-पंचवीस युनिटें खर्ची पडलीं. तीं घरच्या सात किलोवॉटच्या जोडणीवर तीन-चार तासांत भरून निघतात. शिवाय करवत, भोंक पाडण्याचें यंत्र इत्यादि हत्यारें कांहीं व्हॅनमध्यें गाडीच्याच विजेवर चालवितां येतात. कामाची वाट ठराविक असेल तर ही व्हॅन आज खरोखरच व्यवहार्य आहे, असें निःशंकपणें म्हणतां येतें.

वजनाचा जुना तंटा मात्र पुरता मिटलेला नाहीं. ब्रिटनमध्यें साध्या मोटारीच्या परवान्यावर एकूण साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी हांकतां येते. बॅटरीचें वजन त्या साडेतीन टनांतच धरलें, तर तितका माल कमी न्यावा लागणार. म्हणून 2018 मध्यें तेथील सरकारनें विजेच्या व अन्य पर्यायी इंधनांच्या व्हॅनपुरती ही मर्यादा सव्वाचार टनांवर नेली. माल वाहावा कीं बॅटरी वाहावी, या 1897 च्या वादास कायद्यानें दिलेलें हें उत्तर होय.

आणखी एक प्रश्न आहे, आणि तो सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. रात्रीं गाडी उभी कोठें करावयाची? ज्या कारागिराच्या घरास अंगण आहे, त्याची गाडी रात्रीं स्वस्त विजेवर भरते. परंतु जो तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोल्यांत राहतो आणि गाडी रस्त्याच्या कडेला लावतो, त्याला सार्वजनिक ठाण्यावर जाऊन कितीतरी महाग वीज घ्यावी लागते, आणि तेथें घालविलेला वेळ त्याच्या रोजीतून वजा होतो. लंडनमध्यें धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्यांवर 2019 पासून मध्यभागीं आणि ऑगस्ट 2023 पासून शहराच्या सर्व विभागांत दररोज साडेबारा पौंडांचा कर बसविण्यांत आला. शहराची हवा शुद्ध व्हावी हा हेतु स्तुत्यच आहे. पण जुनी डिझेलची व्हॅन हेंच ज्याचें सारें भांडवल, त्याला एका बाजूस कर आणि दुसऱ्या बाजूस महाग गाडी, अशी कात्री लागते. हार्टफोर्डच्या वीज कंपनीनें बॅटरीचा बोजा दुकानदाराच्या शिरावरून उतरविला होता. त्या धोरणाची आज जी गरज आहे ती मोठ्या कंपन्यांना नसून या एकट्या कारागिराला आहे. मोठी कंपनी स्वतःचा डेपो बांधूं शकते. तो बांधूं शकत नाहीं.

आतां सहलीचा विचार. लंडनहून स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेस सुमारें नऊशें किलोमीटर आहे. डिझेलची व्हॅन पुष्कळदां एका टाकीवर तेथवर जवळजवळ पोंचते. विजेच्या व्हॅनला, तिच्या बॅटरीच्या मानानें, वाटेंत चार ते सहा वेळां थांबावें लागेल आणि दर थांब्यास अर्धा-पाऊण तास मोडेल. मागें घरगाडी जोडली तर पल्ला जवळजवळ निम्म्यावर येतो. थंडीच्या दिवसांत डिझेलच्या एंजिनाची वायां जाणारी ऊब आयती मिळते. विजेच्या गाडींत ती बॅटरीतूनच काढावी लागते. एक किलोवॉटची शेगडी रात्रभर, आठ तास, ठेविली तर आठ युनिटें गेलीं, म्हणजे सकाळच्या प्रवासांतून चोवीस किलोमीटर वजा झाले. गॉर्डन स्टेबल्ससारख्या भटक्यास हा हिशेब रुचला नसता.

परंतु सर्वच सहलकरी भटके नसतात. पुष्कळ कुटुंबें शंभर-दीडशें किलोमीटरांवरच्या एखाद्या ठरलेल्या तळावर जातात आणि चार दिवस तेथेंच राहतात. अशा तळांवर घरगाड्यांसाठीं विजेच्या जोडण्या असतात. त्यांतून वीज हळूहळू मिळते, पण दहा तासांच्या रात्रींत वीस-पंचवीस युनिटें, म्हणजे साठ-सत्तर किलोमीटरांचा पल्ला, सहज भरून निघतो. अर्थात् तळाच्या चालकाची त्यास संमति पाहिजे. शेजाऱ्यास आवाजाचा त्रास नाहीं, धुराचा वास नाहीं, स्वयंपाक आणि दिवे गाडीच्याच विजेवर. अशा सहलीस विजेची व्हॅन डिझेलपेक्षां सरस ठरते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. काम आणि सहल असे दोन भाग पाडून विजेच्या व्हॅनची परीक्षा घेणें बरोबर नाहीं. खरा भेद ओळखीच्या वाटेचा आणि अनोळखी वाटेचा आहे. गांवोगांवचे अनिश्चित भाडें घेणारा मालवाला कामच करीत असतो, पण त्याची अडचण भटक्यासारखीच असते. आणि दर सुटींत एकाच तळावर जाणारें कुटुंब सहलच करीत असतें, पण त्याची सोय दूधवाल्यासारखी होते.

हिंदुस्थानांत विजेच्या मालवाहू गाडीची सुरुवात लहान वाहनांपासून झाली, हें या नियमास धरूनच आहे. टाटा कंपनीनें मे 2022 मध्यें आपल्या 'एस' या छोट्या मालगाडीचें विजेचें रूप बाहेर काढलें. तिची बॅटरी 21.3 युनिटांची असून तिला 600 किलो माल नेतां येतो. 1972 च्या जर्मन व्हॅनच्या बॅटरींत मावत असे जवळजवळ तेवढीच ही वीज. परंतु त्या व्हॅनचा 85 किलोमीटरांचा पल्ला कोठें, आणि या गाडीचा परीक्षेंत नोंदलेला 154 किलोमीटरांचा पल्ला कोठें! पन्नास वर्षांत विजेच्या शिदोरीचा भार किती हलका झाला, हें या दोन आंकड्यांवरून कोणाच्याही ध्यानांत येईल. अशी गाडी वखारींतून निघून शहरांतल्या दुकानांस माल देते आणि रात्रीं वखारींतच परतते. नांव टाटांचें आणि रस्ता आपल्याकडचा असला, तरी पद्धत हॅरॉड्सचीच आहे.

सव्वाशे वर्षांच्या या वाटचालींत बॅटरी पालटली, गाडीचा वेग वाढला, पल्ला वाढला. परंतु यशाचें आणि अपयशाचें कारण दर वेळीं एकच दिसून येतें. बर्सीच्या गाड्यांना त्यांच्या प्रकृतीस न झेपणारें काम सांगितलें, आणि त्या बसल्या. दूधवाल्याच्या गाडीला तिच्या बेताचें काम दिलें, आणि तिनें ते दोन पिढ्या मुकाट्यानें केलें. म्हणून ज्याला आज विजेची व्हॅन घ्यावयाची असेल, त्यानें विक्रेत्याकडे जाण्यापूर्वीं महिनाभर एका वहींत आपली वाट लिहून काढावी : रोज किती किलोमीटर झाले, किती ओझें होतें, रात्रीं गाडी कोठें उभी राहिली आणि तेथें वीज होती कीं नव्हती. त्या वहींतील आंकडे जें उत्तर देतील, तें कोणत्याही जाहिरातीपेक्षां अधिक भरंवशाचें असेल.